वरणगावची गोळी कुणाच्या बंदुकीत?

२०२५च्या श्रावणात कानबाईच्या रोटाला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाला, आमचे सगळे भाऊबंद गावी जमले होते. घरातल्या माणसागणिक मुठी मोजून दळलेल्या पिठाचे रोट, गंगाफळाची भाजी, खीर. जेवणं उरकली आणि ओट्यावर वाद पेटला. ऑपरेशन सिंदूरला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. एक चुलतभाऊ तावातावाने म्हणत होता, पाकिस्तानच्या बाजूने तुर्कस्तानचे ड्रोन आले, चीनची क्षेपणास्त्रं आली, आपल्या मदतीला कोण आलं? आणि आपण मात्र आर्मेनियाला पिनाका देतोय, फिलिपिन्सला ब्रह्मोस देतोय. "आपलं घर उघडं अन् लोकायले गोधडी?" दुसऱ्याने लगेच मोबाइल पुढे केला. २०१३-१४ मध्ये आपली संरक्षण निर्यात ६८६ कोटींची होती, २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर गेली. "हे बघ. जग आपल्याकडून हत्यारं घेतंय. यात रडण्यासारखं काय आहे?" दोघंही हट्टाला पेटले. वरणगावच्या आयुध निर्माणीत उभी हयात काढलेले काका कोपऱ्यात सुपारी कातरत बसले होते. ते एवढंच म्हणाले, "एक जण पैसे मोजतो, एक जण गोळ्या मोजतो. ज्याच्या हातात द्यायची, त्याले कोणी मोजलं का?"

तेव्हापासून हा वाद मी कान देऊन ऐकतो आहे. टीव्हीवर, एसटीत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत तो याच दोन खुंट्यांना टांगलेला दिसतो. एका खुंटीवर आपली टंचाई, दुसरीवर आपला अभिमान. काकांचा प्रश्न कोणी विचारत नाही. आम्हा भुसावळ-वरणगावच्या माणसांना तो विचारावाच लागेल, कारण हा विषय आमच्यासाठी दिल्लीचा नाही. भुसावळची निर्माणी १९४९ची, वरणगावची १९६४ची. पिनाका रॉकेटचे पॉड भुसावळला बनतात, रायफलींची काडतुसं वरणगावला. आमच्याकडची किती घरं या दोन भोंग्यांवर उठली-झोपली, त्याचा हिशेब नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मित्रदेशांना शस्त्रं द्यावीत, प्रसंगी सैन्याची मदतही द्यावी. आपलं स्वतःचं संरक्षण त्याशिवाय पुरं होत नाही, असं मला वाटतं. पण शस्त्र देणं म्हणजे शब्द देणं. कांदा किंवा केळी विकली की व्यवहार संपतो. तोफ विकली की तो सुरू होतो: पुढची वीस-तीस वर्षं सुटे भाग, दारूगोळा, दुरुस्ती, प्रशिक्षण. शिवाय त्या देशाच्या शत्रूशी आपलं नातं सही होते त्याच दिवशी बदलतं. एवढा मोठा शब्द एकशे चाळीस कोटी माणसांच्या नावाने दिला जात असेल, तर तो कुणाला दिला, कशासाठी दिला आणि कुठपर्यंत पाळायचा, हे संसदेत बोलून ठरलं पाहिजे. आज तसं होत नाही. वाद तिथे व्हायला हवा.

'आपलं आधी बघा' म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही. ती पूर्ण ऐकून घेतली पाहिजे. २०१७ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला, तो त्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. घनघोर युद्धाच्या चाळीस दिवसांना पुरेल एवढा दारूगोळा सैन्याकडे असावा, हा आपला ठरलेला निकष. सप्टेंबर २०१६ मध्ये तपासलेल्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसही पुरणारा नव्हता. कारगिलच्या वेळी सेनाप्रमुख वेदप्रकाश मलिक यांना, आहे त्यानिशी लढू, असं सांगावं लागलं होतं. त्यालाही तेव्हा सतरा वर्षं उलटून गेली होती, तरी ही अवस्था. पुढे साठा सुधारला, खर्चही वाढला. पण ज्या घरात कणगी तळाला गेल्याची आठवण ताजी आहे, त्या घराने दुसऱ्याला धान्य देताना हात आखडला तर त्याला कंजूस कसं म्हणायचं?

आणि टंचाईपेक्षा मोठी गोष्ट आहे ती फसगतीची. १९८०च्या दशकात श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोरांना आपणच प्रशिक्षण दिलं, शस्त्रं दिली. १९८७ मध्ये शांतिसेना तिथे गेली, तेव्हा त्याच बंडखोरांशी लढताना अकराशेहून अधिक भारतीय जवान मारले गेले, आणि १९९१ मध्ये राजीव गांधींची हत्या झाली. २०२० मध्ये आपण आयएनएस सिंधुवीर ही पाणबुडी म्यानमारच्या नौदलाला दिली. त्या नौदलाने ती डिसेंबरच्या अखेरीस वाजतगाजत ताफ्यात दाखल केली, आणि १ फेब्रुवारी २०२१ ला तिथल्या लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं. दोन्हींत सहा आठवड्यांचंही अंतर नाही. अफगाणिस्तानच्या हवाई दलाला आपण लढाऊ हेलिकॉप्टरं भेट दिली. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं आणि ते हवाई दलच उरलं नाही. या तीन गोष्टी समोर ठेवून कोणी म्हणालं की, देऊच नका, कुणालाच नका, तर त्याला भेकड म्हणण्याचा अधिकार मला नाही.

तरीही मी त्याच्याशी सहमत होऊ शकत नाही, आणि त्याचं पहिलं कारण वरणगावच आहे. ही निर्माणी १९६४ मध्ये का उभी राहिली? चीनशी युद्ध पेटलेलं असताना, १९ नोव्हेंबर १९६२ ला नेहरूंनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडींना पत्रं लिहून अमेरिकी लढाऊ विमानांच्या तुकड्या मागितल्या होत्या. अलिप्ततेचा झेंडा जगभर मिरवलेल्या पंतप्रधानाने ती पत्रं कोणत्या मनाने लिहिली असतील? अमेरिकेची आणि ब्रिटनची शस्त्रं आली, अमेरिकेची मालवाहू विमानं आली. त्याच दिवसांत यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे वाक्य आमच्या आधीच्या पिढीला पाठ होतं. त्यांच्याच कारकिर्दीत वरणगावला काडतुसं बनू लागली. आणि वर्षभरात, १९६५ च्या युद्धात, अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान दोघांचाही शस्त्रपुरवठा थांबवला. १९६२ ला मिळालेला मित्राचा हात १९६५ ला आखडला गेला. आपल्या पोटापुरतं आपण पिकवलंच पाहिजे, हा धडा इथे मिळाला आणि तो खरा आहे.

पण त्याच्या शेजारचा धडा आपण सोयीने विसरतो. ९ ऑगस्ट १९७१ ला सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार झाला. दोघांपैकी कुणावर हल्ला झाला किंवा हल्ल्याचा धोका दिसला तर तातडीने सल्लामसलत करायची, असं त्याच्या नवव्या कलमात लिहिलेलं होतं. डिसेंबरात अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात शिरलं आणि सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव येऊ लागले, तेव्हा सोव्हिएत नकाराधिकार आपल्या बाजूने उभा राहिला. त्याच वेळी आपण स्वतः काय करत होतो? बांगलादेशासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीला शस्त्रं देत होतो, तिच्या पोरांना प्रशिक्षण देत होतो. १९७१ चा विजय आपण अभिमानाने सांगतो. तो मित्राकडून घेतल्यामुळे आणि मित्राला दिल्यामुळे मिळाला, हे वाक्य मात्र आपल्या तोंडून निघत नाही. कारगिलमध्येही इस्रायलकडून तातडीने दारूगोळा आणि टेहळणीची सामग्री आली. ज्या देशाने प्रत्येक संकटात कुणाकडून तरी घेतलं, त्याने आता मोठं झाल्यावर 'आम्ही कुणाला देणार नाही' म्हणणं न्यायाचं आहे का? आमच्याकडे पेरणीला शेजाऱ्याची बैलजोडी आणणारा माणूस त्याच्या पेरणीला आपली जोडी धाडतो. याला सावड म्हणतात, आणि ती मोडणाऱ्याच्या शेतात पुढच्या वर्षी कोणी येत नाही.

दुसरं कारण साठ्याचं आहे. साठा म्हणजे गोदामातला ढीग, अशी आपली समजूत आहे. ढीग युद्धात बघता बघता संपतो. संपत नाही ती चालू असलेली लाइन आणि ती चालवणारे हात. युक्रेनच्या युद्धाने हे युरोपला फार महागात शिकवलं. मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने वर्षभरात दहा लाख तोफगोळे देण्याचं वचन दिलं. वर्ष संपलं तेव्हा निम्म्याच्या आसपास गोळे पोचले होते. पैशाची वाण नव्हती. तीस वर्षांच्या शांततेत कारखाने बंद पडले होते, कारागीर पांगले होते. एक तपशील तर कापूस पिकवणाऱ्या माणसाने नीट ऐकावा असा आहे. तोफगोळा ज्या दारूवर उडतो, तिच्यात नायट्रोसेल्युलोज लागतं आणि ते कापसापासून बनतं. जिनिंगमध्ये रुई निघाली की सरकी उरते. त्या सरकीला आखूड तंतूंची लव चिकटलेली असते, तिला लिंटर म्हणतात. ही लव खरवडून काढायची, स्वच्छ करायची आणि आम्लांच्या मिश्रणातून काढायची. युरोपचे कारखाने या लिंटरसाठी मोठ्या प्रमाणात चीनवर अवलंबून होते. म्हणजे युरोपचं संरक्षण ज्या वस्तूवाचून अडलं, ती आमच्या जळगाव-धुळ्याच्या सरकीवर दरवर्षी उगवते.

निर्यातीची मागणी शांततेच्या काळातही लाइन गरम ठेवते. आपल्या सैन्याची ऑर्डर एका वर्षी भरपूर, दुसऱ्या वर्षी तुटपुंजी, असं होतं तेव्हा निर्माणीत काय घडतं ते वरणगावच्या कुठल्याही घरात विचारा. ओव्हरटाइम जातो, नवी भरती थांबते, जुना कारागीर निवृत्त होतो आणि त्याच्या हाताखाली शिकायला कोणी उरत नाही. तेव्हा बाहेर देण्याने घर उघडं पडतं, हे सरसकट खरं नाही. दोन अटी मात्र पक्क्या हव्यात: चाळीस दिवसांचा आपला साठा आधी भरलेला असावा, आणि जे द्यायचं ते नव्या उत्पादनातून द्यावं. कानबाईचं दळण असंच असतं. घरातल्या माणसांच्या मुठी आधी मोजून होतात. या अटी पाळल्या जातात की नाही, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. निर्यातच बंद करा, ही मागणी त्या अधिकाराला पर्याय होऊ शकत नाही.

आता मोबाइल पुढे करणाऱ्या माझ्या दुसऱ्या भावाकडे वळतो. त्याच्या बाजूचं जे खरं आहे ते मोठं आहे, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. जो देश बंदुकांपासून रणगाड्यांपर्यंत बाहेरून आणत होता, तो जानेवारी २०२२ मध्ये फिलिपिन्सशी ब्रह्मोसचा सुमारे ३७.५ कोटी डॉलरचा करार करतो आणि एप्रिल २०२४ मध्ये पहिली खेप पोचवतो, ही साधी गोष्ट नाही. पण २३,६२२ कोटींचा आकडा शेजारच्या आकड्यांसोबत वाचावा. २०२५-२६चं संरक्षण अंदाजपत्रक ६ लाख ८१ हजार कोटींचं आहे. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या मोजणीनुसार २०२० ते २०२४ या पाच वर्षांत जगात सर्वाधिक शस्त्रं आयात करणाऱ्यांमध्ये युद्धात होरपळणाऱ्या युक्रेनच्या खालोखाल आपणच होतो. रशियाशी ऑक्टोबर २०१८ मध्ये एस-४०० या हवाई संरक्षण यंत्रणेच्या पाच तुकड्यांचा करार झाला. सिंदूरच्या वेळी तीनच हातात होत्या, दोन रशियाच्या स्वतःच्या युद्धात अडकल्या होत्या. पुरवठादाराच्या घरात आग लागली की गिऱ्हाईकाची काय गत होते, हे आपण भोगतो आहोत. उद्या आपल्या सीमेवर पेटलं तर आर्मेनियाची, फिलिपिन्सची हीच गत होणार नाही, याची तजवीज आपण केली आहे का? निर्यातीच्या आकड्यात याचं उत्तर नाही.

त्या आकड्याची मोठी उणीव वेगळीच आहे. गिऱ्हाईक आणि मित्र त्यात एकाच रकान्यात बसतात. आर्मेनियाचंच उदाहरण घ्या. रशिया हा त्यांचा करारबद्ध मित्र होता, रशियाचा लष्करी तळही त्यांच्या भूमीवर होता. २०२० मध्ये नागोर्नो-काराबाख या प्रदेशासाठी शेजारच्या अझरबैजानशी ४४ दिवसांचं युद्ध झालं आणि आर्मेनिया हरला. त्या युद्धात मित्र लढायला आला नाही. २०२२ मध्ये तो देश आपल्याकडे वळला आणि त्याने पिनाका मागवले. मला हा सौदा योग्य वाटतो. अझरबैजानच्या पाठीशी तुर्कस्तान आणि पाकिस्तान उभे आहेत. जो आपल्या शत्रूच्या मित्राला तोंड देतो आहे, त्याला ताकद देण्यात आपलंही हित आहे. पण मग हे उघडपणे म्हणा ना! हा सौदा करताना आपण एका देशाला ताकद दिली आणि दुसऱ्याचं वैर पत्करलं. सिंदूरच्या वेळी अझरबैजानने उघडपणे पाकिस्तानची बाजू घेतली, तेव्हा आपल्याकडे सहली रद्द करण्याची लाट आली. लोकांना धक्का का बसला? कारण दोन-अडीच वर्षांपूर्वी आपण काकेशस पर्वतात एक बाजू घेतली आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मैत्री अंधारात ठेवली की काय होतं, याला पानिपतचा दाखला देण्याची आपल्याकडे रीत आहे. मी आमच्या खानदेशाचा देतो, कारण तो मला जास्त बोचतो. १५९७ मध्ये गोदावरीच्या खोऱ्यात आष्टीजवळ मोगलांची फौज आणि दक्खनच्या सुलतानांची एकत्रित फौज यांची लढाई झाली. खानदेशचा फारुकी राजा अली खान मोगलांच्या बाजूने लढला आणि लढता लढता मेला. अंधार पडला, तो कुठे दिसेना. मोगलांना वाटलं, पळाला किंवा फितूर झाला. त्यांनी आपल्याच मित्राची छावणी लुटली. मग रणात प्रेतं धुंडाळताना त्याचं प्रेत सापडलं. बापाची ही किंमत पाहिलेल्या मुलाने, बहादूर खानाने, पुढे अकबरासमोर हजर व्हायला नकार दिला. अकबर स्वतः बुऱ्हाणपूरला उतरला, जानेवारी १६०१ मध्ये असीरगड पडला, दोनशे वर्षांची फारुकी सत्ता बुडाली आणि शहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाला दानदेश म्हणू लागले. राजा अली खान कुणाच्या बाजूने होता, हे त्याच्या मित्राला तो जिवंत असताना खात्रीने ठाऊक नव्हतं. मरून पडल्यावर पटलं. अशा मैत्रीला काय म्हणायचं?

त्या गोष्टीत आपण धाकटे होतो. आज मालदीवसमोर, आर्मेनियासमोर आपण थोरले आहोत, आणि थोरल्याची जबाबदारी निराळी असते. ३ नोव्हेंबर १९८८ ला मालदीवमध्ये भाडोत्री बंडखोरांनी उठाव केला. तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी हाक दिली आणि त्याच रात्री आग्र्याहून उडालेले आपले छत्रीधारी सैनिक हुलहुले बेटाच्या विमानतळावर उतरले. मित्र असावा तर असा, असं वाटायला लावणारी ती रात्र. त्याच मालदीवमध्ये २०२३ च्या निवडणुकीत 'भारत हटाव'च्या घोषणेवर राष्ट्राध्यक्ष निवडून आला, आणि १० मे २०२४ पर्यंत आपले तिथले सगळे सैनिक परत आले. किती होते ते? नव्वदही नव्हते. आपणच दिलेल्या हेलिकॉप्टर आणि विमानांची निगा राखायला ते होते. आपल्या लेखी ती मदत होती. त्यांच्या गल्लीतल्या माणसाला ती तैनाती फौज वाटली. आपल्याला याचं नवल वाटायला नको होतं, कारण तैनाती फौज म्हणजे काय हे मराठी माणसाइतकं कोणाला कळतं? ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली. संरक्षणाला कंपनीची फौज आली आणि तिच्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख गेला. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेशही कंपनीच्या घशात गेला. मित्राच्या फौजेकडे संशयाने बघणं आपल्या हाडात आहे. मग तोच संशय दुसऱ्याच्या हाडात असेल, एवढं समजून घेणं जड जाऊ नये. २०२५ च्या जुलैत आपले पंतप्रधान मालदीवच्या साठाव्या स्वातंत्र्यदिनाला प्रमुख पाहुणे म्हणून गेले, म्हणजे तुटलेलं जुळवता येतं. पण जुळलं तेव्हा हेलिकॉप्टरांपाशी वर्दीतल्या माणसांच्या जागी साध्या कपड्यातले तंत्रज्ञ आलेले होते. एवढा बदल आधीच सुचला असता तर?

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो. काकांच्या घरात एक लाकडी पेटी आहे. हिरव्या रंगाची, लोखंडी कड्यांची, दारूगोळ्याची जुनी पेटी. कधीतरी भंगाराच्या लिलावातून आलेली. काकू तिच्यात डाळी ठेवते. झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाच्या दोन थरांखाली लॉटचा नंबर अजून वाचता येतो. लहानपणी मी काकांना विचारलं होतं, हा नंबर कशाला? त्यांनी समजावून सांगितलं होतं. प्रत्येक काडतूस कुठल्या तरी लॉटचं असतं. लॉटमधली काही काडतुसं प्रूफला जातात, झाडून बघतात. ती नापास झाली तर पूर्ण लॉट अडतो. सीमेवर एखादी गोळी फुसकी निघाली, तर लॉटवरून मागे मागे येत ती कधी भरली, दारू कुठली होती, तपासलं कोणी, इथपर्यंत पोचता येतं. काडतुसाच्या बुडाला निर्माणीची खूण आणि वर्ष ठोकलेलं असतं. गोळी उडते, पण बूड मागे राहतं, आणि ते जगाच्या पाठीवर कुठेही सापडलं तरी आपलं गाव सांगतं.

एका गोळीचा मागे जाणारा हिशेब आपण इतक्या काटेकोरपणे ठेवतो. तिच्या पुढच्या प्रवासाचा हिशेब कोण ठेवतं? सप्टेंबर २०२४ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली की भारतात बनलेले तोफगोळे युरोपातल्या ग्राहकांमार्फत युक्रेनला पोचले आणि रशियाने त्याबद्दल नाराजी कळवली. परराष्ट्र मंत्रालयाने ती बातमी तर्काधारित आणि खोडसाळ ठरवली, निर्यातीत कोणतीही जबाबदारी मोडलेली नाही असं सांगितलं. मी ते मान्य करतो. पण मग माझ्यासारख्या नागरिकाने ते तपासायचं कुठे? त्याच महिन्यात इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका आली. परराष्ट्र धोरण हा सरकारचा प्रांत आहे, न्यायालय त्यात पडणार नाही, असं म्हणून ती फेटाळली गेली. न्यायालयाचं बरोबरच आहे. पण सरकारला प्रश्न विचारायची घटनेने दिलेली जागा एकच उरते, ती संसद. आणि शस्त्रनिर्यातीचा परवाना देण्याआधी किंवा दिल्यावर संसदेला कळवण्याची सक्ती आपल्याकडे नाही. अमेरिकेत १९७६ च्या कायद्याने मोठे शस्त्रसौदे काँग्रेसपुढे आधी ठेवावे लागतात. जगातला सगळ्यात मोठा शस्त्रविक्रेता देश हे करू शकतो, आणि त्याची विक्री त्याने अडलेली नाही.

इथे गुप्ततेचा मुद्दा येतो आणि तो खोटा नाही. कुठल्या देशाला किती क्षेपणास्त्रं, कधी, कुठल्या बंदरातून, हे वर्तमानपत्रात छापायचं नसतं. पण त्यासाठीच समित्या असतात. संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती १९९३ पासून आहे, दोन्ही सभागृहांचे ३१ सदस्य तिच्यात आहेत, तिच्या बैठका बंद दाराआड होतात. तिच्यापुढे दर सौद्याचा उद्देश, आपल्या साठ्यावरचा परिणाम आणि शस्त्र तिसऱ्या हातात न देण्याची अट, एवढं ठेवलं तर कोणतं गुपित फुटणार आहे? धोरण तरी जाहीर हवं. आपल्याकडे अजून राष्ट्रीय सुरक्षा धोरणाचा जाहीर दस्तऐवज नाही. १७ सप्टेंबर २०२५ ला सौदी अरेबिया आणि पाकिस्तानने करार केला: एकावर हल्ला तो दोघांवर हल्ला. त्यांनी शब्द लिहून दिला. तो ते पाळतील की नाही, काळ ठरवेल. आपण कुणाच्या हाकेला धावणार, कुणाला फक्त माल विकणार आणि कुणाला कितीही पैसे दिले तरी काहीच देणार नाही, हे आपल्याच लोकांना सांगितलेलं नाही.

जुलै २०२३ मध्ये आपण आयएनएस कृपाण ही सेवेत असलेली युद्धनौका व्हिएतनामला भेट दिली. चालतं जहाज, शस्त्रांसकट. दक्षिण चिनी समुद्रात चीनसमोर उभ्या असलेल्या देशाला एवढी मोठी वस्तू फुकट देणं, हा माझ्या मते अलीकडचा सगळ्यात शहाणा निर्णय होता. पण तिच्यावर संसदेत तासभर चर्चा झाली असती तर शाळा-कॉलेजातल्या पोरांना कळलं असतं की व्हिएतनाम आपला कोण लागतो. उद्या चीनने त्याबद्दल डोळे वटारले, तर ही पोरं कशाच्या आधारावर म्हणणार की आम्ही बरोबर केलं?

शेवटी हातांबद्दल. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. किमान आठ कामगार गेले. दारूगोळ्याचं काम करणाऱ्या घरांत त्या दिवशी चूल पेटली नाही, भंडाऱ्यात नाही आणि आमच्याकडेही अनेक घरांत नाही. युद्ध न होता, सीमेपासून शेकडो मैल दूर, ही माणसं देशाच्या कामी आली. त्यांनी भरलेली दारू कुणाच्या रक्षणासाठी जाते आहे, हे त्यांच्या बायका-पोरांना अभिमानाने सांगता यायला नको?

दिवाळीनंतर मी आमच्या खासदारांना पत्र लिहिलं. संसदेत लेखी प्रश्न विचारावा अशी विनंती केली. मित्रदेशांना दिलेल्या दारूगोळ्याचा आपल्या चाळीस दिवसांच्या साठ्यावर काय परिणाम झाला, दिलेलं शस्त्र तिसऱ्याच्या हाती गेलं तर सरकार काय कारवाई करतं, आणि गेल्या दहा वर्षांत तशी कारवाई कधी झाली का. मसुदा काकांना वाचून दाखवला. त्यांनी एक दुरुस्ती सुचवली: "दारूगोळा" हा शब्द मोघम आहे, "काडतुसं, तोफगोळे आणि रॉकेट" असं वेगळं लिही, नाहीतर उत्तरही मोघम येईल. तसं लिहिलं. भुसावळच्या पोस्टातून रजिस्टर केलं. पावती काकूने डाळीच्या पेटीत, झाकणाच्या आतल्या पट्टीत खोचून ठेवली आहे.